समासातली पेन्सिल

पुस्तक किती वाचलं गेलंय हे चाचा ते न उघडता सांगायचे. पुस्तक मिटलेलंच हातात घ्यायचे, पानांची कड खिडकीच्या उजेडाकडं करायचे आणि डोळे बारीक करून बघायचे. वाचणाऱ्यांच्या बोटांचा मळ त्या कडेवर बसतो, आणि तो जिथं संपतो तिथं लोकांनी पुस्तक सोडलेलं असतं. मी कॉलेजात रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला हे शिकवलं. एक जाडजूड कादंबरी पुढं धरून म्हणाले, "ही बघा, मॅडम. चाळीस पानापर्यंत काळी हाय. पुढं सगळी कोरी. नेणारे लई झाले, पण चाळिसाच्या पुढं कुणी गेलं न्हाई."

आमच्या मराठी विभागाच्या प्रमुखांचे दोन कवितासंग्रह होते आणि ग्रंथालयात त्यांच्या पाच पाच प्रती होत्या. एकदा सर काही संदर्भ शोधायला आले असताना चाचांनी त्या प्रती काढून खिडकीशी नेल्या आणि सांगितलं, "सर, तुमची पुस्तकं लई स्वच्छ हायत." सर खूश झाले. जिना उतरताना त्यांना अर्थ लागला. त्यानंतर ते चाचांशी फक्त कामापुरतं बोलायचे, आणि चाचांना त्यात काही बिघडल्यासारखं वाटत नव्हतं.

चाचा ग्रंथालय परिचर होते, म्हणजे पुस्तकं पुसणं, लावणं, मागितलेलं काढून देणं, ग्रंथपालांना चहा आणणं. शिक्षण सातवी, तेही उर्दू माध्यमातून. मराठी ते पुस्तकांच्या पाठीवरची नावं लावता लावता शिकले. आधी नाव वाचायचे, मग पहिलं पान, मग उभ्या उभ्याच सगळं. मी आले तेव्हा त्यांच्या नोकरीला तीस वर्षं होत आली होती आणि मला तरी कॉलेजात त्यांच्याएवढं वाचलेला दुसरा माणूस दिसला नाही. खुर्चीवर कधी बसायचे नाहीत. खिडकीखाली एक लाकडी स्टूल होतं, त्यावर बसून वाचायचे. पेन्सिल दोऱ्यानं शर्टाच्या गुंडीला बांधलेली असायची, कारण पोरं मागून नेतात आणि परत देत नाहीत. दुपारी भाकरी खाताना पुस्तकाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता. त्या अर्ध्या तासात कुणी पुस्तक मागितलं तर प्राचार्यांनाही थांबावं लागे.

घर पिंजाऱ्याचं. वडील उदगीरच्या आसपासच्या गावांत जाऊन कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे, आणि लहानपणी चाचा त्यांच्यासोबत असायचे. लोकांच्या अंगणात दिवस दिवस बसायचं काम. त्याबद्दल ते एकदा म्हणाले होते, "गादी भरणाऱ्यासमोर बाया कायबी बोलतेत, मॅडम. त्याला कोण माणूस समजतंय?" मला तेव्हा ते वाक्य फार आवडलं. मी ते वहीत टिपून घेतलं, आणि पुढं एका गोष्टीत एका म्हाताऱ्याच्या तोंडी घातलंही. त्यांना विचारलं नव्हतं.

वाचताना ते समासात शेरे मारायचे, आणि शेरे तीनच होते. न पटणाऱ्या जागी 'खोटं'. उगीच जास्तीच्या शब्दांजवळ 'बेडा', उदगीरच्या बाजारात कन्नड बोलणारं गिऱ्हाईक माल नको असला की म्हणतं तो शब्द. आणि क्वचित, दोनतीनशे पानांत एखाद्या ठिकाणी, 'हाव', म्हणजे होय, खरं आहे. ग्रंथपाल सज्जन होते आणि बरेचसे आळशी. त्यांना हे माहीत होतं, पण पेन्सिल फिकी असते असं म्हणून ते सोडून द्यायचे. पोरांना तर त्याची सवयच झाली होती. कुणी कुणी पुस्तक नेण्याआधी 'हाव' कुठं आहे ते शोधून तेवढंच पान वाचायचं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. जळकोट तालुक्यातल्या एका गावातून शिकून आलेली, तासिका तत्त्वावर नेमलेली, उदगीरला एका खोलीत राहणारी. कथा लिहीत होते. दोनचार छापून आल्या होत्या. माणसं कौतुक करत होती आणि ते कौतुक मला लागत होतं, सकाळच्या चहासारखं. विभागात माझी ओळख करून देताना सर 'आमच्या लेखिका' म्हणायचे.

एका दिवाळी अंकात माझी एक कथा आली. माझ्या आत्यावर होती. आत्याला नवऱ्यानं टाकलेलं, ती माहेरी येऊन राहिलेली, भावाच्या घरात राबणारी. हे सगळं खरं होतं. शेवट मी केलेला होता. कथेत आत्या एका दुपारी घरामागच्या विहिरीत उडी घेते. ते पान वाचून रडलो असं सांगणारे फोन मला आले होते.

अंक ग्रंथालयात आल्यावर चार दिवसांनी चाचांनी मला बोलावून घेतलं. अंक उघडून माझ्यासमोर ठेवला. विहिरीच्या परिच्छेदाशेजारी 'खोटं' लिहिलं होतं. मी हसून विचारलं, काय खोटं आहे, चाचा? त्यांनी एक पान मागं उलटलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आत्या सकाळी म्हशीसाठी पेंड भिजत घालते, असं मीच लिहिलेलं होतं.

"पेंड कशाला भिजू घातली तिनं? संध्याकाळच्या धारेसाठी. जिला संध्याकाळी धार काढायची हाय ती दुपारी विहिरीत जाईल का?"

मी म्हणाले, माणसं कामं अर्धी टाकूनही मरतात. त्यांनी पुन्हा त्या ओळीकडं बघितलं. मग म्हणाले, "मरतेत. हाव, मरतेत. पण मग ती पेंड मागं राहती. कुणाला तरी दिसती. तुम्हाला ती दिसलीच न्हाई पुन्हा. मतलब बाई गेली न्हाई, मॅडम. तुम्हाला गोष्ट संपवायची होती, तुम्ही ढकलली तिला."

एवढ्या लोकांनी वाचलं, कुणाला पेंड दिसली नाही, आणि या माणसानं ती शोधून काढली, याचाच राग आला. मी काहीतरी बोलून निघून आले. विभागात सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला टीका कशी घ्यायची ते समजावलं. टीका कोण करतंय ते आधी बघावं, म्हणाले. शिपायाच्या टीकेनं लेखकानं विचलित होऊ नये. मला ते फार पटलं. पटण्यासारखं होतं म्हणून नाही, मला ते हवं होतं म्हणून.

वर्षभरानं माझा संग्रह आला. ती कथा त्यात पहिलीच होती, एक शब्दही न बदलता. लातूरच्या एका संस्थेनं त्याला पुरस्कार दिला. परीक्षकांच्या मनोगतात विहिरीच्या प्रसंगाचा खास उल्लेख होता. गावाकडं माझ्या चुलतभावानं ती कथा आत्याला वाचून दाखवली. आत्या तेव्हा साठीची, धडधाकट, सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घालणारी. तिचा मला फोन आला. मला वाटलं ती चिडेल. तिनं शांतपणे एवढंच विचारलं, "आन म्हशीचं काय केलीस गं? म्या गेल्यावर?"

तिलाही तेच दिसलं होतं. मी हसण्यावारी नेलं. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी मोजकंच बोलली.

कॉलेजच्या ग्रंथालयानं माझ्या संग्रहाच्या पाच प्रती घेतल्या. पावसाळा संपता संपता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या तासाला एक मुलगी माझं पुस्तक घेऊन उभी राहिली. चांगली मुलगी होती, खवचटपणा तिच्यात नव्हता. तिनं विचारलं, "मॅडम, इथं 'खोटं' असं लिहिलंय. ते का लिहिलंय?" मी पुस्तक हातात घेतलं. विहिरीशी 'खोटं' होतंच. पुढं आणखी अकरा ठिकाणी 'खोटं' होतं आणि 'बेडा' तर किती ते मोजायचं सोडून दिलं. मागच्या बाकावरचं कुणीतरी हसलं, मग सगळा वर्ग हसला. तास संपायला वीस मिनिटं होती. ती मी कशी काढली ते मला आठवत नाही.

त्याच दुपारी मी प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहिला. मसुदा सरांनी तपासून दिला. 'ग्रंथालयीन साहित्याचे हेतुपुरस्सर विद्रूपीकरण' हे शब्द त्यांचे, पण सही माझी होती. अर्जात मी असंही लिहिलं की या शेऱ्यांमुळे माझी एक महिला अध्यापक म्हणून विद्यार्थ्यांसमोर बदनामी झाली आहे. ते वाक्य सरांनी सुचवलं नव्हतं. ते माझंच होतं, आणि त्याचा काय परिणाम होईल हे मला पक्कं ठाऊक होतं.

तिघांची समिती नेमली गेली. मलाही बसवलं होतं. चाचा आत आले, दाराजवळ उभे राहिले. हे तुम्ही लिहिलं का, असं विचारलं तर हाव म्हणाले. किती वर्षांपासून लिहिता, तर पहिल्यापासून. प्राचार्यांनी माफी मागायला सांगितली.

"पुस्तकात लिवलं ही चूक झाली, सर. कॉलेजचा माल हाय. माफी मागतो."

"आणि मॅडमची?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. त्या सगळ्या प्रकारात त्यांनी एकदाच माझ्याकडं बघितलं असावं. "मॅडमची कशाबद्दल, सर? मी तर त्यांचं पुस्तक पुरं वाचलंय."

ते उद्धटपणे बोलले असं समितीच्या अहवालात नोंदलं गेलं. मी त्याला हरकत घेतली नाही. ते उद्धटपणे बोलले नव्हते. ते माझ्या बाजूनं बोलले होते, पण हे कळायला त्या खोलीत कुणाला सवड नव्हती.

त्यांना ग्रंथालयातून काढून क्रीडा विभागाच्या स्टोअरला लावलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मैदानाच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली, तिथं फुटबॉल, जाळ्या, कुस्तीच्या गाद्या. एक गादी फाटलेली होती, ती त्यांनी पहिल्या महिन्यातच उसवून, कापूस मोकळा करून पुन्हा भरून शिवली, असं क्रीडाशिक्षक कौतुकानं सांगायचे. ग्रंथालयाचं कार्ड त्यांनी जाण्याआधी परत केलं होतं. ग्रंथपालांनी त्यांना सांगितलं की कर्मचारी म्हणून पुस्तकं नेता येतील, कार्ड राहू द्या. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि गेले. त्या दोन वर्षांत मी मैदानावरून रोज जायचे. ते स्टोअरच्या दारात बसलेले असायचे, हात मांडीवर, समोर पोरं खेळताहेत. नमस्कार करायचे. मीही करायचे.

चाचांना हलवलं त्याच हिवाळ्यात कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती येणार होती, म्हणून पुस्तकं साफ करायचं ठरलं. वीसेक मुलं, प्रत्येकाच्या हातात खोडरबर, आणि देखरेखीला मी. तीन दिवस आम्ही समास खोडत होतो. टेबलांवर रबराचा काळा चुरा पडला होता. मोठमोठ्या लेखकांच्या पुस्तकांतही 'खोटं' होतं, हे मला तेव्हा कळलं. माझ्यावर चाचांचा काही खास राग नव्हता. ज्यांची नावं घेताना आम्ही कानाला हात लावतो त्यांच्याही पानांवर तोच शब्द, तेवढ्याच आकाराचा.

माझ्या पुस्तकाच्या प्रती मी मुलांना दिल्या नाहीत, स्वतःच घेतल्या. चौथ्या प्रतीत, आत्याच्याच कथेत, एका वाक्याशेजारी 'हाव' होतं. आत्या भाकरी थापताना बोलत नाही, पण भाकरी तव्यावर पडली की बोलायला लागते, असं काहीसं ते वाक्य होतं. लिहिताना मी त्याच्यावर एक मिनिटही घालवलं नसेल. ते सहज आलं होतं, कारण ते बघितलेलं होतं. मी त्या पानाकडं बराच वेळ बघत बसले. मग शेजारची मुलगी बघते आहे असं वाटलं, आणि मी रबर फिरवला.

पुढं नांदेडच्या एका कॉलेजात मला कायम नोकरी लागली. पुस्तकाचा आणि पुरस्काराचा उपयोग झाला. नांदेडला लिहिणाऱ्यांचा मोठा गोतावळा मिळाला. आमचा व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे. काहीही टाकलं की दहा मिनिटांत फुलं, जोडलेले हात, 'अप्रतिम'. पाच हजार शब्दांची कथा टाकली तरी दहा मिनिटांतच. मीही इतरांना तसंच पाठवते. हल्ली मला नवोदित लेखकांच्या शिबिरांना बोलावतात. मागच्या वर्षी लातूरच्या शिबिरात 'टीकेला सामोरे जाताना' हा विषय मला दिला होता. मी पेंडीची गोष्ट सांगितली. आमच्या कॉलेजात एक परिचर होते, ते माझे पहिले खरे गुरू, असं म्हणाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, दोघींनी डोळे पुसले. अर्जाचं मी काही बोलले नाही.

त्याच सुमारास माझी कादंबरी लिहून झाली होती. चार वर्षं लागली होती. प्रकाशक ठरला होता, मित्रांनी वाचून उत्तम म्हटलं होतं, आणि मला रात्रंदिवस वाटत होतं की यात काहीतरी मेलेलं आहे. कुठं ते सापडत नव्हतं. वाचून वाचून माझे डोळे बोथट झाले होते. शेवटी एका रविवारी मी तिची प्रिंट काढून पिशवीत घातली आणि उदगीरची गाडी धरली.

चाचांच्या मुलाचं गाद्यांचं दुकान आहे, मागं घर. चाचा आत कापसाच्या गठ्ठ्यांजवळ बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चष्मा जाड झालेला, बाकी तसेच. मला बघून उठले. सुनेला चहा सांगितला. मी आधी माफी मागितली. वाटेत पाठ करून आणलेली वाक्यं होती, त्यातली अर्धीच बोलता आली. त्यांनी हात हलवला. "जाऊ द्या, मॅडम. तुमचं वय लहान होतं." रागाचा लवलेश नव्हता, आणि त्यामुळं मला अजूनच लाज वाटली. मी कादंबरी पुढं केली. वाचाल का, विचारलं. त्यांनी गठ्ठा तळहातावर तोलून बघितला आणि शेजारी ठेवला. पुढच्या रविवारी या, म्हणाले.

पुढच्या रविवारी गेले. गठ्ठा जसाच्या तसा, कडा जुळवून दोरीनं बांधलेला. मी भराभर पानं चाळली. समास कोरे होते.

"छान हाय, मॅडम," चाचा म्हणाले. "लई छान हाय."

मी म्हणाले, चाचा, कुठं चुकलंय ते सांगा. मला माहीत आहे चुकलंय. तुमच्याकडं त्यासाठीच आलेय.

ते हसले. घरी आलेल्या पाहुण्याशी हसावं तसं. "चुकलं कुठं? तुम्ही आता मोठ्या लेखिका झाला. मला काय कळतंय त्यातलं?" आणि मग माझ्या नोकरीची, नांदेडच्या उन्हाची, आत्याच्या तब्येतीची चौकशी करत राहिले. मी आणखी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा ते तेवढ्याच नम्रपणे म्हणाले की पुस्तक छान आहे. चहा झाला. मी उठले.

त्यांची सून मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. चालता चालता सहज म्हणाली, "अब्बांनी तुमचं दोनदा वाचलं. एकदा तुम्ही गेल्या गेल्या, आन मंगळवारपासनं परत. जेवायला बोलवलं तरी उठत नव्हते. मधीच एखादं पान धरून लई वेळ तसंच बसून राहायचे."

कोणतं पान, मी विचारलं. ती म्हणाली, मला मराठी वाचता येत नाही, मॅडम.

मी तिथं उभी राहिले. मागं वळून बघितलं तर चाचा दुकानाच्या दारापर्यंत आले होते आणि गिऱ्हाइकाला उशीचं कापड दाखवत होते. त्यांना सगळं दिसलं होतं. कोणतं पान, कोणती ओळ, सगळं. मी परत जाऊ शकले असते. त्यांच्यासमोर जाऊन बसले असते, सांगत नाही तोवर उठले नसते, तर संध्याकाळपर्यंत त्यांनी सांगितलंही असतं बहुतेक. नांदेडची गाडी दर तासाला होती.

पण खरं सांगायचं तर ते 'छान' ऐकल्यावर आतून मला हलकं वाटलं होतं. चार वर्षं लिहिलेलं पुन्हा उकलायला घ्यायची ताकद माझ्यात नव्हती, आणि नसायला आता कारणही मिळालं होतं. मी सुनेचा निरोप घेतला आणि स्टँडवर गेले. खिडकीची जागा मिळाली. गाडी गावाबाहेर पडायच्या आत मी प्रकाशकाला मेसेज केला: उदगीरच्या एका जाणकार वाचकाला दाखवलं, त्यांना फार आवडलं. बदल काही नाहीत. छपाईला घ्या.